कार्पोला कबूल केलेला वरचा सूर

सान तेलेस्फोरो गावात पंक्चर काढणारे दोघे होते. एक झटपट काढून द्यायचा, आणि दुसरा तेर्यो पामातमात. घाईतले ट्रायसिकलवाले, म्हणजे मोटरसायकलला बाजूची गाडी जोडून माणसं वाहणारे, पहिल्याकडे जात, आणि तीच ट्यूब पुन्हा बसली की निमूट तेर्योकडे येत. मी समोरच राहतो. टपाल कचेरीतून निवृत्त झाल्यापासून मला त्याच्या दुकानाकडे बघत बसण्याशिवाय दुसरं काम राहिलेलं नाही, आणि हे काम मी मन लावून करतो.

तेर्योची पद्धत अशी. ट्यूब फुगवायची, दुकानापुढच्या कापलेल्या पिंपातल्या पाण्यात बुडवायची आणि बोटाबोटाने फिरवायची. बुडबुडा दिसला की त्यावर अंगठा. मग कानशीने घासायचं, रबराचं ठिगळ बसवायचं, वर लोखंडी चाप आवळायचा आणि चापावर जुन्या पिस्टनच्या वाटीत जाळ करून ठिगळ शिजवायचं. इथवर सगळेच करतात. तेर्योचं खरं काम यापुढे सुरू व्हायचं. निवलेली ट्यूब तो पुन्हा पाण्यात घालायचा. काही दिसलं नाही की समाधान मानण्याऐवजी तो संशयाने बघायचा आणि आणखी एकदा घालायचा. गिऱ्हाईक करवादलं की म्हणायचा, "ठिगळ धरलंय की नाही ते ठिगळालाच विचारावं लागतं. माणसाला काय विचारतोस?"

दुपारनंतर तो हात घासून धुवायचा, तरी नखांतलं काळं जायचं नाही, आणि त्याच हातांनी ट्रम्पेट घ्यायचा. आमच्या गावचा ब्रास बँड जुना आहे. सणाला, लग्नाला, मिरवणुकीला आणि मयताला तोच वाजतो. माणसं बदलतात, गणवेश बदलत नाहीत. तेर्यो पहिला ट्रम्पेट. मी तिसरी क्लॅरिनेट. तिसरी क्लॅरिनेट मधेच थांबली तर ते फक्त तिसऱ्या क्लॅरिनेटला कळतं. पहिला ट्रम्पेट थांबला तर पेटीतलं प्रेतसुद्धा कान टवकारतं.

मोठा ढोल कार्पोकडे होता. पोलिकार्पो हे बाप्तिस्म्याचं नाव, पण ते त्याच्या बायकोलाही आठवत नसे. कार्पो ट्रायसिकल चालवायचा, आणि त्याच्या तोंडात एकही दात नव्हता. तरुणपणीच कंटाळून त्याने सगळे काढून टाकले होते, आणि कवळी त्याला हसताना त्रास द्यायची म्हणून ती देव्हाऱ्यात सान्तो निन्योच्या, म्हणजे देवबाळाच्या, मूर्तीशेजारी ठेवली होती. तेर्योची वरची उजवी दाढ कित्येक वर्षं किडलेली होती. वर्षातून दोन-तीनदा गाल फुगायचा. मग लवंग, मग मीठपाणी, मग जिनची चूळ, जी थुंकायची असते हे तेर्यो नेमका विसरायचा.

"काढून टाक ना एकदाची," कार्पो म्हणायचा. "माझ्याकडे बघ. एक नाही, दुखणं नाही."

"तुझं बरंय. ढोलाला दात लागत नाहीत."

"म्हणूनच देवाने मला ढोल दिला, पारे." दोस्ताला तो पारेच म्हणायचा.

"देवाने नाही, माएस्त्रोने दिला. तुला सूर कळत नाही म्हणून."

"तेच ते. माएस्त्रोही देवासारखाच. कुणाचं ऐकत नाही."

यावर माएस्त्रो आम्ब्रोस्यो, म्हणजे आमचे बँडमास्तर, खरोखरच काही ऐकू न आल्यासारखे सुरांच्या वह्या लावत बसायचे.

दाढ न काढण्याचं कारण भीती हे तर होतंच, पण तेर्यो ते मोसमावर ढकलायचा. ट्रम्पेटवाल्याचा ओठ आणि त्यामागचे दात म्हणजे त्याची शिलाई. ती मोसमात उसवून चालत नाही. आणि आमच्याकडे मोसम संपतच नाही. नाताळ झाला की गावची जत्रा, मग चाळीस दिवसांचा उपास, मग मे महिन्यातल्या फुलांच्या मिरवणुका, आणि या सगळ्यांच्या मधे माणसं मरतच असतात.

मयतासाठी आमच्या बँडचं एक खास वाजवणं आहे. संथ चालीचं. दफनभूमीच्या फाटकाशी आलं की सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि ट्रम्पेट एकटा वर चढतो, पार वर, आणि तिथे काही वेळ उभा राहतो. मग ढोलाचा एक ठोका, आणि पुन्हा सगळे. या चढणीला एक पळवाटही आहे. दमल्याभागल्या माणसासाठी कुणा जुन्या माएस्त्रोने तिथे पेन्सिलीने खालचे सूर लिहून ठेवलेत. ऐकणाऱ्या दहातल्या नऊ जणांना फरक कळत नाही.

भातगिरणीवाल्याच्या मयताला एप्रिलचं ऊन होतं. तेर्यो खालून गेला. परतताना कार्पो त्याच्या शेजारी आला.

"खालून नेलास."

"ऊन बघितलंस का? आणि त्याला काय कळतंय, पेटीत आहे तो."

"त्याला नसेल कळत. मी पेटीत असेन तेव्हा मला कळणार आहे. माझ्या वेळी वरूनच न्यायचा. शब्द दे."

"आणि मीच आधी गेलो तर?"

"तर तुझ्यासाठी असा ठोका देईन की कातडं फाटेल. मग माएस्त्रो रडतील. तुझ्यासाठी नाही, कातड्यासाठी."

तेर्योने शब्द दिला. घाम पुसत, हसत दिला, पण दिला.

पुढे कार्पोच्या पोटात पाणी झालं. प्रांताच्या मोठ्या दवाखान्याने काही दिवस ठेवून घेतलं आणि मग, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला, असं सांगितलं. याचा अर्थ आमच्याकडे लहान मुलांनाही कळतो. कार्पो खिडकीपाशी पडून रस्त्यावरच्या ट्रायसिकलींचे आवाज ओळखत राहायचा. तेर्यो रोज जायचा. एके दिवशी गाल सुजवून गेला.

"हे काय? मरतोय कोण, मी का तू?" कार्पो म्हणाला.

"दाढ."

"पारे, नीट ऐक. मला वेळ थोडा आहे. असं सुजकं थोबाड घेऊन तू माझ्यापुढे ट्रम्पेट वाजवणार? आजच्या आज काढ ती. जखम भरेल तोवर मी कसाबसा थांबतो."

कार्पोने आयुष्यात दिलेल्या वचनांपैकी हे एकच त्याला पाळता आलं नाही.

दातांच्या डॉक्टर दोक्तोरा लुआल्हाती यांचा दवाखाना बेकरीच्या माडीवर आहे. खुर्चीत बसलं की खालून पान्देसाल भाजल्याचा वास येतो, त्यामुळे आमच्या गावात ताजा पाव बघून कित्येकांची दाढ ठणकते. दोक्तोरा शांत, नेटक्या आणि सावध बाई. त्यांनी गाल उतरायची गोळी दिली, मग बोलावलं. तेर्योची बायको निनाय दाराशी उभी होती. पुढचं मला तिच्याकडून कळलं.

दाढ निघेना. मुळं पसरून हाडात रुतली होती, वडाच्या पारंब्यांसारखी. मधेच एक मूळ मोडलं. दोक्तोरांनी ते धीराने, तुकड्यातुकड्याने काढलं, आणि शेवटच्या तुकड्याबरोबर हाडाचा एक पातळ पापुद्रा आला. तो चिमट्यात धरून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. निनाय म्हणते, दातांच्या डॉक्टरचं न बोलणं हे दाढ उपटण्यापेक्षा वाईट.

"कुया तेर्यो," थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारून शेवटी त्या म्हणाल्या, "नाक चिमटीत धरा. तोंड उघडंच ठेवा. आता अगदी हळू, नाकातून हवा सोडल्यासारखं करा."

तेर्योने केलं. दाढेच्या खड्ड्यातल्या रक्तात बारीक बुडबुडे आले. दोक्तोरांनी त्याला आरशात दाखवलं, कारण रोग्यापासून लपवायचं नाही ही त्यांची शिस्त. भुलेने अर्धं तोंड जड झालेलं असूनही तेर्योचा चेहरा उजळला.

"दोक्तोरा! हे तर माझंच काम!"

"तुमचंच," त्या म्हणाल्या. "वरच्या दाढांच्या वर, गालाच्या हाडात पोकळी असते. तिच्यात नाकातली हवा खेळते. तुमच्या मुळाने तिची जमीन फोडलीय. म्हणजे तोंड आणि नाक यांच्यामधे आता भोक आहे."

"मग ठिगळ?"

"टाके घालतेय. आत रक्ताची गुठळी धरेल, तेच ठिगळ. भोक फार मोठं नाही, आपोआप बुजेल. फक्त त्या गुठळीला धक्का लागता कामा नये. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. सिगारेट बंद, नळीने काही ओढून प्यायचं नाही, झोपताना उशी उंच. आणि ट्रम्पेट..." त्यांनी निनायकडे पाहिलं. "ट्रम्पेट कुलपात."

"कधीपर्यंत?"

"मी सांगेपर्यंत."

निनायने ट्रम्पेट तांदळाच्या पेटीत पुरला, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या देवाच्या मेडलाशेजारी अडकवली. "आता देव आणि ट्रम्पेट एकाच दोऱ्यात," ती म्हणाली. "कुणाचा हात लागतो बघू."

गावाने या आजारात मनापासून भाग घेतला. तेर्यो रस्त्यात दिसला की लोक ओरडत, "फुंकू नकोस रे!" चुलीशी फुंकणीसुद्धा निनाय त्याला घेऊ देत नसे. दुकानात हवेचा पंप होता म्हणून बरं, नाहीतर ट्यूबी फुगवायलाही बंदी आली असती. आणि तेर्यो खरोखर आज्ञाधारक रोगी निघाला. एकदा मिरचीच्या खकाण्याने त्याला शिंक आली, तर त्याने रस्त्याच्या मधोमध तोंडाचा आ वासून ती अशी सोडली की पाद्रीबाबांची कोंबडी उडाली. फक्त रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, तो दाढी करायचा आरसा घेऊन मागच्या अंगणात जायचा. दाढी तो आठवड्यातून एकदा करायचा. पण माणूस आजारी असला की स्वतःचा चेहरा जास्त बघतो, असं समजून कुणी काही बोललं नाही.

अशातच कार्पो गेला.

आमच्याकडे माणूस लगेच पुरत नाहीत. परदेशातलं कुणी यायचं असेल तर तो घरीच, काचेच्या झाकणाच्या पेटीत, फुलं आणि दिवे लावून वाट बघत राहतो. कार्पोची एकुलती मुलगी लिगाया कुवेतला घरकामाला होती, आणि तिची मालकीण रजा देईना. आज येते, परवा येते, असं चाललं. जागरणाला लोक यायचे, पत्ते खेळायचे, कॉफी-बिस्किटं खायचे आणि पेटीकडे बघून म्हणायचे, कार्पो इतका वेळ गप्प पहिल्यांदाच.

लिगायाचं विमान पुढे गेलं की सगळे हळहळायचे. तेर्यो तेवढा खूश व्हायचा. "नाही आली? बरं झालं, बरं झालं," असं तो पुटपुटला तेव्हा कार्पोच्या बायकोने दचकून पाहिलं. मला कारण कळत होतं. एकेक दिवस त्याच्या दाढेच्या खात्यात जमा होत होता.

एके संध्याकाळी तिथेच त्याने कॉफीचा घोट घेतला आणि ती त्याच्या उजव्या नाकपुडीतून बाहेर आली. पत्त्यांचा डाव थांबला.

"सुसमार्योसेप!" देवाची नावं एका दमात घेत निनाय रुमाल घेऊन धावली. "अजून गळतंय?"

"थोडंसं," तेर्यो म्हणाला. "सकाळी कमी वाटलं होतं."

"कमी वाटलं म्हणजे? सकाळी कुठे कॉफी प्यायलास तू?"

तेर्यो शर्ट पुसायला लागला. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "कार्पो असता तर म्हणाला असता, दुसऱ्या नाकातून दूध येतं का बघा." सगळे हसले. तेर्योही हसला, आणि हसता हसता त्याने पेटीकडे पाहिलं.

लिगायाचा दिवस नक्की झाल्यावर तो बेकरीच्या माडीवर गेला. दोक्तोरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि भुवया आवळल्या.

"टाके सुटलेत. भोक होतं त्याहून मोठं दिसतंय. एव्हाना बुजायला हवं होतं. तुम्ही फुंकलंत का?"

"आईशप्पथ नाही."

"सिगारेट?"

"निनायला विचारा."

"मग कळत नाही. नाही, कुया, वाजवायचं नाही."

"एकदाच, दोक्तोरा. एकच चढण आहे. वर जायचं आणि यायचं."

"त्या एका चढणीत जो जोर लागतो ना, तोच नको. मित्राला कळेल. तो असता तर तोही हेच म्हणाला असता."

तो असता तर काय म्हणाला असता, हे तेर्योला बरोबर माहीत होतं. पण तो पुन्हा आज्ञाधारक राहिला.

मयताला शेजारच्या गावचा ट्रम्पेटवाला उसना आणला. भला माणूस होता, गणवेश त्याला बाह्यांत आखूड होत होता. फाटकाशी आम्ही सगळे थांबलो. मी क्लॅरिनेट खाली केली आणि तेर्योकडे पाहिलं. तो पेटीच्या मागे, रिकाम्या हातांनी उभा होता. पाहुणा खालून गेला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वहीत जे पेन्सिलीने होतं ते त्याने वाजवलं, आणि वाईट नाही वाजवलं. तेर्योची उजव्या हाताची तीन बोटं पँटच्या शिवणीवर हलत होती, वेगळ्याच सुरांवर. मग ढोलाचा ठोका पडायला हवा होता. ढोल एका पोराच्या गळ्यात होता, तो मोजायला चुकला, आणि ती शांतता लांबली. लिगाया हुंदका देऊन रडली, आणि लोकांना वाटलं की हे असंच असतं.

त्यानंतर तेर्योचा गाल पुन्हा भरून आला. डोळ्याखाली जड, वाकलं की ठणका, आणि नाकातून असा घाण पू की निनायने त्याची उशी उन्हात टाकली. तिनेच त्याला ओढत माडीवर नेलं. ही हकीकत तिने मला इतक्यांदा सांगितलीय की मी तिथे नव्हतो हे अधूनमधून विसरतो.

दोक्तोरांनी पोकळीतला पू धुतला, हात पुसले आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"कुया, आता मला खरं सांगा. रागावणार नाही. ट्रम्पेट वाजवलात?"

"नाही."

"किल्ली माझ्या गळ्यात आहे, दोक्तोरा," निनाय म्हणाली.

"नाक शिंकरलंत? काही ओढलंत? फुगा फुगवलात? वजन उचललंत?"

"नाही. तुम्ही सांगितलं ते सगळं पाळलं. एकेक."

"मग केलंत तरी काय?"

"काही नाही," तेर्यो म्हणाला. "फक्त तपासलं."

"काय तपासलं?"

"ठिगळ धरलंय का."

"कसं?"

तेर्योने शहाण्या विद्यार्थ्यासारखं नाक चिमटीत धरलं, तोंड उघडलं, आणि हवा ढकलली. खड्ड्यात पू-पाण्याचे बुडबुडे आले. "हे असं. तुम्हीच दाखवलं होतंत. रोज सकाळी. बुडबुडे आले की म्हणायचो, उद्या बघू. एक दिवस अजिबात आले नव्हते. म्हणून खात्रीसाठी पुन्हा केलं, जरा जोराने."

 दोक्तोरांनी चष्मा काढला.

"मीच शिकवलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "सगळं नको म्हणून सांगितलं, आणि हे तेवढं नको म्हणायचं राहिलं. हे कुणी घरी करेल असं... तुमचा धंदा मला माहीत होता, कुया."

"तपासल्याशिवाय कळणार कसं, दोक्तोरा?"

"नाही कळत. न कळता बसायचं असतं."

तेर्योने हे थोडा वेळ तोंडात घोळवलं. मग त्याने विचारलं, आणि निनायच्या मते विचारायला नको होतं: "समजा मी कार्पोच्या दिवशी एकदाच वाजवलं असतं, तर?"

दोक्तोरा खोटं बोलू शकल्या असत्या. गावातल्या कुठल्याही सज्जन बाईने त्या क्षणी खोटं बोलून एक मेणबत्ती लावली असती. पण त्या प्रामाणिक. "तोपर्यंत जे व्हायचं ते झालेलं होतं," त्या म्हणाल्या. "एका चढणीने त्याहून फार बिघडलं नसतं."

मग शहर, मोठा दवाखाना, लांब रांगा. तिथल्या सर्जनने वरचा ओठ उचलून गालाच्या हाडाला आतून खिडकी पाडली, पोकळी खरवडून धुतली आणि गालाची आतली कातडी ओढून भोकावर शिवली. हे ठिगळ मात्र धरलं. पाणी नाकात जायचं थांबलं, पू थांबला, कॉफी आपल्या वाटेने जाऊ लागली. वैद्यकाच्या दृष्टीने तेर्यो बरा झाला.

फक्त उजवीकडचा वरचा ओठ बधिर राहिला. ओठ जागेवर होता, पण त्याची बातमी येत नव्हती. तिथली नस ताणली गेली होती. जाण हळूहळू परत येईल, किंवा येणारही नाही, असं सर्जनने सांगितलं. गालही आतून आखडला होता. सूप पिताना हनुवटीवर ओघळ आला तरी तेर्योला कळायचं नाही. निनाय बोलता बोलता पुसायची, जसं टेबल पुसतात. ती कधीच या गोष्टीवर विनोद करत नसे, आणि तिला ओळखणाऱ्यांना तेवढ्यावरून सगळं समजायचं.

तांदळाच्या पेटीचं कुलूप तिनेच काढलं. तेर्योने ट्रम्पेटातले तांदळाचे दाणे झटकले, अंगणात उभा राहून फुंकला. खालचे सूर आले, थोडे ओले. वरच्यासाठी ओठ आवळला की उजव्या कोपऱ्यातून हवा निसटायची, फुस्स करून. त्या आवाजाबद्दल त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. आयुष्यभर तो त्याच आवाजाच्या मागे होता.

"खालून वाजव की," माएस्त्रो म्हणाले. "अर्ध्या प्रांताचे ट्रम्पेटवाले खालूनच वाजवतात."

"मग त्यांतलाच एक आणा, माएस्त्रो. मला ढोल द्या."

तो ढोलावर आला. पट्टा कार्पोच्या पोटाच्या मापाचा होता, त्याला नवी भोकं पाडावी लागली. "ढोलाला दात लागत नाहीत," तो पहिल्या दिवशी म्हणाला, आणि आम्ही कुणीच हसलो नाही, म्हणून त्याने ते पुन्हा कधी म्हटलं नाही.

दुकानात मात्र नवीनच प्रकार सुरू झाला. तेर्यो ठिगळ लावायचा, शिजवायचा, चाप काढायचा आणि ट्यूब सरळ गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा.

"पाण्यात घालून बघ ना, कुया."

"नको. राहू दे त्याला. सारखं काय टोचायचं?"

"अरे, पण धरलंय का?"

"धरलं असेल. नसेल तर उद्या कळेल."

रबराचं ठिगळ आणि माणसाच्या जबड्यातलं ठिगळ यांत फरक आहे, हे त्याला मी एकदा समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पिंपातलं पाणी कण्हेरीच्या झाडाला ओतलं. गिऱ्हाइकं हळूहळू दुसऱ्याकडे वळली. आता गावात झटपट पंक्चर काढणारे दोघे झाले, आणि पहिल्याचा अनुभव जास्त होता.

वर्ष पुरं झालं की आमच्याकडे सुतक उतरवतात. काळे कपडे काढायचे, कबरीवर प्रार्थना, मग घरी जेवण. कार्पोच्या बायकोने बँडला बोलावलं; लिगायाने कुवेतहून तसं कळवलं होतं. पाहुणा ट्रम्पेटवाला आता आमचाच झाला होता, गणवेशाच्या बाह्याही सोडून घेतल्या होत्या. फाटकातून आम्ही आत गेलो. कबरीपाशी माएस्त्रोंनी हात वर केला तेव्हा तेर्यो पुढे झाला. त्याने ढोल गळ्यातून काढून कबरीच्या सिमेंटवर आडवा ठेवला, निनायने पिशवीतून ट्रम्पेट काढून दिला. म्हणजे तिला आधीच ठाऊक होतं. माएस्त्रोंनी काहीही न बघितल्यासारखं केलं. त्यांचा हात जरा जास्त वेळ वर राहिला, इतकंच.

आम्ही वाजवत त्या जागेपर्यंत आलो आणि थांबलो. तेर्योने ट्रम्पेट ओठाला लावला, डावीकडे थोडा सरकवून. मला वाटलं, वर जाईल. माणसाला असं वाटतंच. त्याने पहिले दोन सूर वरच्या वाटेचे घेतले, तिसऱ्याला कोपऱ्यातून फुस्स झालं. तो थांबला. श्वास घेतला. आणि पेन्सिलीने लिहिलेल्या वाटेने, खालून, एकेक सूर नीट ठेवत शेवटापर्यंत गेला. हनुवटीवरून थेंब ढोलाच्या कातड्यावर पडत होते, ते त्याला कळत नव्हतं.

मग ठोका द्यायचा होता, आणि ढोलवाला तोच. त्याने ट्रम्पेट निनायकडे दिला, वाकून दांडी उचलली आणि कबरीवर आडव्या पडलेल्या ढोलावर एक ठोका दिला. जोराचा. कातडं काही फाटलं नाही.

"खालून नेला, पारे," तो सिमेंटकडे बघून म्हणाला. "घाल शिव्या."

निनायने त्याची हनुवटी पुसली. माएस्त्रोंचा हात खाली आला, आणि आम्ही पुढचं वाजवायला लागलो.